नऊ नंबरची साखर

१

बुधवारी संध्याकाळी जेवणाची गाडी बायकांच्या वॉर्डात शिरली, तेव्हा नऊ नंबरच्या खाटेवरची म्हातारी घामाने चिंब होऊन बेशुद्ध पडली होती. सोमवारी ती त्याच सुमारास थरथरताना सापडली होती. मंगळवारी शुद्ध हरपली होती. तिन्ही वेळा रक्तातली साखर पार तळाला. बुधवारचा आकडा चौतीस. अर्धा तास कुणी पाहिलं नसतं तर म्हातारी हातची गेली असती.

गुरुवारी अधीक्षकांनी दुपारपाळीच्या सिस्टरला घरी बसवलं आणि शुक्रवारी सकाळी फाईल खुसपटबाईंच्या टेबलावर येऊन पडली.

खुसपटबाई हे त्यांचं नाव नव्हे, पण इस्पितळात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत असेल तर शपथ. औषधांच्या बाबतीत कुठे काही चुकलं की चौकशी त्यांच्याकडे. गोळी कशी द्यावी, सुई कशी टोचावी, याची भिंतीवर लावलेली झाडून सगळी पत्रकं त्यांच्याच हातची. निवृत्तीला चार महिने उरले होते, दोन्ही गुडघ्यांनी आधीच निवृत्ती घेतली होती, आणि लोक न वाचता सह्या करतात या एकाच गोष्टीवर त्या गेली तीस वर्षं चिडलेल्या होत्या.

फोन वाजला. अधीक्षकच होते.

"बाई, सहा वाजता समिती बसतेय. तुमची सही तेवढी राहिलीय."

"सही हवीय की चौकशी?"

"एकच ना ते."

"एकच असतं तर रबरी शिक्का करून घेतला असतात, मला कशाला पगार देता?"

अधीक्षक गोड हसले. त्यांचं हे गोड हसणं बाईंच्या डोक्यात जायचं. "अहो, सरळ आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार ही सिस्टर होती, तिन्ही दिवस म्हातारी पडली. काल सिस्टर नव्हती, म्हातारी ठणठणीत. शिवाय रविवारी दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं, त्याची लेखी तक्रार आहे. सिस्टरने रागाच्या भरात इन्सुलिन जास्त टोचलं. आज समितीचं झालं की पोलिसांत देतो आणि नोंदणी रद्द करायला कळवतो. जन्मात परत सुई हातात धरणार नाही ती."

"आणि तिने टोचलं नसेल तर?"

"मग कुणी टोचलं? भुताने?"

बाईंनी फोन ठेवला आणि फाईल उघडली. नऊ नंबरच्या तक्त्यावर दिवसातून तीनदा साखर लिहिलेली. सकाळी एकशे दहा, दुपारी एकशे तीस, सगळं कसं शहाण्यासारखं. संध्याकाळी पाचला मात्र सोमवारी दोनशे ब्याण्णव, मंगळवारी तीनशे चाळीस, बुधवारी तीनशे एकाहत्तर. काल गुरुवारी एकशे अडतीस. साखर जितकी जास्त तितकं इन्सुलिन जास्त, याचा डॉक्टरांनी ठरवून दिलेला हिशेब शेजारीच होता, आणि सिस्टरने दिलेलं इन्सुलिन त्याच्याशी तंतोतंत जुळत होतं. तीनशे एकाहत्तरला बारा युनिट. बरोबर.

पण तीनशे एकाहत्तरवरून बारा युनिटमध्ये कुणी दीड तासात चौतीसवर येत नाही. म्हणजे एक तर सिस्टरने आकडे खोटे लिहिले होते. नाहीतर... या 'नाहीतर'च्या पुढचं बाईंना काही सुचेना, आणि न सुचलं की त्यांचं डोकं दुखायचं.

२

सिस्टर आली ती साध्या कपड्यांत, हातात जेवणाचा डबा. वय फार तर सव्वीस. खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

"डबा कशाला आणलास? तुला घरी बसवलंय ना?"

"आईला सांगितलं नाही अजून. काल डबा घेऊन निघाले आणि दिवसभर बसस्टॉपवर बसून राहिले. आजही तिथेच बसणार होते. तुमचा फोन आला."

बाईंना तिची कणव आली, पण कणव दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चष्मा पुसला. "मावशींशी भांडलीस म्हणे."

नऊ नंबरच्या म्हातारीला सगळा वॉर्ड शिवणमावशी म्हणायचा. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवून तिने संसार केला होता. पायाची जखम चिघळली म्हणून पंधरा दिवसांपूर्वी दाखल झाली होती.

"भांडले, नाही म्हणत नाही," सिस्टर म्हणाली. "मलमपट्टीला उशीर झाला म्हणून त्या बोलल्या. तीस खाटांना आम्ही दोघी, मीही बोलून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला जवळ घेतलं. म्हणाल्या, माझी जीभ कात्रीसारखी आहे, मनावर घेऊ नकोस. तक्रार मागे घ्यायचं मात्र दोघींच्याही लक्षात आलं नाही."

"किती टोचलंस?"

"लिहिलंय तेवढंच. बुधवारी तर मी डॉक्टरांना विचारलं, परवापासून या पडतायत, आज सोडून देऊ का? ते म्हणाले, आकडा तीनशेच्या वर आहे ना, मग द्या. म्हातारी लपूनछपून गोड खात असणार."

"आणि आकडा? तो खरा कशावरून?"

सिस्टरचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम राहिला. "मॅडम, पत्रकात लिहिलंय तशी एकेक पायरी करते मी. पहिल्या दिवसापासून. पत्रक..."

"पत्रक मला नको सांगूस, माझं मला पाठ आहे. मशीन कुठाय?"

साखर मोजायचं ते मुठीएवढं मशीन फाईलसोबतच जप्त होऊन आलं होतं. बाईंनी बटण दाबून जुने आकडे मागे मागे नेले. मशीन जे मोजतं ते वेळेसकट लक्षात ठेवतं, त्याला कुणाची भीड पडत नाही. सोमवार पाच वाजून चार मिनिटं, दोनशे ब्याण्णव. मंगळवार, तीनशे चाळीस. बुधवार, तीनशे एकाहत्तर. तक्त्यातले आकडे खोटे नव्हते.

"मशीन खोटं बोलत नाही, मीही नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "मग मॅडम, खोटं कोण बोलतंय?"

३

वॉर्डात शिरताना बाईंचा गुडघा दाराजवळच्या बेसिनवर आपटला. दर वेळी आपटायचा. बेसिनच्या नळाला प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली, वर पाटी, 'दुरुस्ती चालू आहे'. पाटीवरची अक्षरं उन्हाने विटली होती, दुरुस्ती अजून चालूच होती. बाईंनी त्यावर स्वतः सहा पत्रं लिहिली होती. सहाही पत्रांना पोच मिळाली होती. पाणी मिळालं नव्हतं.

त्यांनी आधी मशीन तपासलं. कंपनीच्या द्रावणाचा थेंब टाकून पाहिला, आकडा अगदी बरोबर. इन्सुलिनच्या बाटल्या पाहिल्या, सुया पाहिल्या, एकही गफलत नाही. औषधभांडारवाल्याने न विचारताच "आमच्याकडून काही नाही हं" असं दोनदा सांगितलं. इथे दर माणसाच्या तोंडी हे वाक्य तयारच असतं.

नऊ नंबरच्या खाटेशी शिवणमावशींची लेक उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आई, शेवटचं विचारते. काय खाल्लंस?"

"काही नाही खाल्लं गं."

"मग साखर काय हवेतून चढली? डॉक्टर खोटं बोलतात, मशीन खोटं बोलतं, तू एकटी खरी."

शिवणमावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "एकवीस वर्षं झाली साखर लागून. तुझ्या लग्नातसुद्धा गोडाला शिवले नाही. आता मरायच्या वयात चोरून खाईन होय? ज्या पोटच्या पोरीसाठी..."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, मी चौकशीला आलेय. मलाही तेच विचारायचं होतं, पण आता नाही विचारत. हात दाखवा जरा."

बोटांची टोकं सुईने टोचून टोचून टणक झालेली, कातड्यासारखी. फक्त डाव्या अंगठ्यावर टोचल्याचे बारीक ठिपके होते.

"बाकीच्या बोटांतून रक्तच येत नाही," मावशी म्हणाल्या. "ती पोर बिचारी शोधून शोधून थकली. शेवटी अंगठा सापडला. सुईचा हात उजवा, त्यामुळे डावा अंगठा जरा मऊ राहिलाय. हळू टोचते हो ती. तिला का घरी बसवलं?"

"तुम्ही तक्रार केलीत म्हणून."

"मी? रागाच्या भरात कागद लिहून दिला खरा. पण भांडण म्हणजे तक्रार का?"

पलीकडच्या दहा नंबरच्या खाटेवरून आवाज आला. "तेच म्हणते मी." तिथे एक मास्तरीणबाई होत्या. वर्गात तक्ता टांगताना खुर्चीवरून पडल्या आणि दोन्ही मनगटं मोडून घेतली. रविवारी संध्याकाळी दाखल झाल्या, तेव्हापासून दोन्ही हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आणि तोंड सुटलेलं. "मी साक्षीदार आहे. या दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात. मी आग्रह करकरून दमते, तरी एक फोड तोंडात घालतील तर शपथ. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय इथे."

सलाईनच्या स्टँडला मास्तरीणबाईंनी संत्र्याच्या लांबलचक, कुठेही न तुटलेल्या साली टांगून घेतल्या होत्या. एक सुकून काळपट पडलेली, एक अर्धवट सुकलेली, एक अजून बरीचशी मऊ.

"हे काय?" बाईंनी वैतागून विचारलं. वॉर्डात कचरा टांगलेला त्यांना खपायचा नाही.

"वर्गातल्या मुलांना दाखवायला. गोल वस्तूची साल एका पट्टीत कशी सुटते ते. राहू द्या ना."

बाईंनी तीन साली मोजल्या, कपाळाला आठी घातली आणि दुसरीकडे पाहिलं. नेमकं तेवढ्यात लेकीची पिशवी खाटेवरून खाली पडली आणि तिच्यातून गोळ्यांचं एक पाकीट घरंगळत बाईंच्या पायाशी आलं.

४

पाकीट साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचं होतं. इस्पितळातून दिलेलं नव्हे.

बाईंनी लेकीला बाहेर व्हरांड्यात नेलं. दुपारचे चार वाजत आले होते, भेटायला येणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती.

"या कुणाच्या?"

"आईच्याच जुन्या. घरी घ्यायची ती." लेकीचा सगळा जोर ओसरला होता. "इथे नीट लक्ष देत नाहीत असं वाटलं. म्हणून रोज दुपारी जेवताना एक देते."

"इन्सुलिन चालू असताना वर ही गोळी? कुणाला विचारून?"

"शेजारच्या काकूंची साखर अशीच आटोक्यात आली."

बाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. घरोघरी डॉक्टर, गल्लोगल्ली वैद्य. ज्याच्या हाती गोळी तो धन्वंतरी. "अहो ताई, आई तुमची वाचली हे नशीब. ही गोळी आणि इन्सुलिन एकत्र अंगात गेलं, म्हणून ती नुसती चक्कर न येता बेशुद्ध पडली. आजपासून बंद. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगा."

लेक तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. "म्हणजे मीच... मीच आईला..."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांच्या डोक्यातलं गणित पुन्हा अडलं. "थांबा. कधीपासून देताय?"

"दाखल झाली त्या दिवसापासून. पंधरा दिवस."

"काल दिलीत?"

"दिली."

पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या, पंधराच होत्या. म्हणजे आधीचे दहा-अकरा दिवस गोळी पोटात होती आणि म्हातारी ठीक होती. कालही गोळी होती आणि म्हातारी ठीक होती. मुख्य म्हणजे गोळीने साखर उतरते. पाच वाजता तीनशेवर चढवली कुणी?

अधीक्षकांना फोन करून बाईंनी हे सांगायचा प्रयत्न केला. चूकच झाली. त्यांनी अर्धंच ऐकलं.

"वा, मग तर उत्तमच. लेकीची गोळी आणि सिस्टरचं इन्सुलिन. दोघींवर टाकू. इस्पितळ मोकळं."

"आकडा तीनशे कसा आला, ते सांगा."

"बाई, दर वेळी काय हो खुसपट काढता? सहा वाजता सही करा आणि सुखाने घरी जा."

त्या वाद घालत असतानाच एक गृहस्थ घाईघाईने त्यांना ओलांडून वॉर्डात गेले आणि पाच मिनिटांत तसेच घाईघाईने परतले. खाकी कपडे, खिशाला बिल्ला. मास्तरीणबाईंचे यजमान, बसचे चालक. बाईंचा फोन संपलेला पाहून ते आपणहून थांबले.

"तुम्ही साहेबांच्या ऑफिसातल्या ना? या भेटायच्या वेळा जरा वाढवायला सांगा. गाडी फाटकाशी उभी करून पळत येतो मी. पिशवी ठेवतो आणि पळतो. बायकोशी धड बोलणंही होत नाही. त्यात काल फाटकावरचा फळवाला बंद होता, रिकाम्या हाताने आलो, तर केवढी बोलणी खाल्ली. तिला प्लास्टर हाताला नाही, तोंडाला घालायला हवं होतं."

बाई कसंनुसं हसल्या. त्यांचं लक्ष लागत नव्हतं. गृहस्थ जिना उतरून गेले. बाई तिथल्याच बाकावर बसल्या आणि गुडघे चोळत सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

काल फळवाला बंद होता. हे वाक्य त्यांच्या डोक्यात माशीसारखं फिरत होतं आणि त्या त्याला हाताने वारत होत्या.

५

पाच वाजून सहा मिनिटांनी वॉर्डातून बदली सिस्टरचा आवाज आला. "नऊ नंबर, तीनशे अठ्ठावन्न. बारा युनिट देते."

बाई इतक्या झटक्यात उठल्या की कागद जमिनीवर पसरले. घरी बसवलेली सिस्टर इथे नव्हती. ती बसस्टॉपवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. लेक बाहेर डॉक्टरांसमोर रडत होती. मशीनही दुसरं, आजच भांडारातून काढलेलं. आणि आकडा तसाच.

त्या दारात पोचल्या, गुडघा बेसिनवर आपटला, आणि समोर त्यांना दिसला तो सलाईनचा स्टँड. तिथे आता चार साली होत्या. चौथी ओली, केशरी, अजून हलत होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि आज. काल फळवाला बंद होता.

मास्तरीणबाईंचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. त्यांचे यजमान पिशवी ठेवून पळत होते. मग संत्री सोलत कोण होतं?

बदली सिस्टरने सुई भरून शिवणमावशींचा दंड धरला होता.

"थांब," बाई म्हणाल्या. "ती सुई खाली ठेव. ठेव आधी."

बाई लंगडत खाटेशी गेल्या आणि त्यांनी मावशींचा डावा अंगठा नाकाशी धरला. संत्र्याचा घमघमाट.

"मावशी, आत्ता काय करत होतात?"

"मी?" मावशी गोंधळल्या. "काही नाही हो. या बिचारीला हात नाहीत, म्हणून तिला संत्रं सोलून भरवलं. मी खाल्लं नाही, देवाशपथ."

"तुम्ही खाल्लं नाहीत ते मला ठाऊक आहे. जो तो तुम्हाला 'खाल्लं काय, खाल्लं काय' एवढंच विचारत राहिला. केलं काय, ते कुणी विचारलंच नाही. नंतर हात धुतले?"

"कुठे धुणार? बेसिन बंद. न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला, माझा पाय खाली टेकत नाही. रुमालाला पुसले."

बाईंनी मास्तरीणबाईंच्या पाण्याची बाटली उचलली, भांडं खाली धरलं, साबणाची वडी मागवली आणि स्वतःच्या हाताने म्हातारीचे दोन्ही हात चोळचोळून धुतले. टॉवेलने कोरडे केले. तोच अंगठा, तेच मशीन, त्यात रक्ताच्या थेंबासाठी नवी पट्टी.

एकशे एकोणतीस.

बदली सिस्टरने हातातल्या भरलेल्या सुईकडे पाहिलं आणि ती मटकन स्टुलावर बसली.

६

अधीक्षक समितीच्या दोघांना घेऊन वॉर्डातच आले. बाईंनी बोलावलंच होतं तसं. त्यांनी एक संत्रं अधीक्षकांच्या हातात दिलं.

"सोला."

"बाई, ही काय थट्टा आहे?"

"थट्टा तुम्ही दोन दिवस करताय. सोला."

अधीक्षकांनी नखं लावून कसंबसं संत्रं सोललं. बाईंनी त्यांचा अंगठा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, टोचला, मशीन सगळ्यांना दिसेल असं धरलं. तीनशे बावीस.

"साहेब, तुम्हाला दहा युनिट इन्सुलिन देऊ? हिशेबाप्रमाणे बसतंय."

अधीक्षकांचा चेहरा उतरला. मागे कुणीतरी खुदकन हसलं, बहुधा मास्तरीणबाई. मग साबण, पाणी, पुन्हा पट्टी. एकशे सहा.

"फळातली साखर कातडीला चिकटते," बाई म्हणाल्या. "स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट निघत नाही, धुवावीच लागते. मशीन बोटावरच्या रसाची साखर रक्तात मिळवून मोजत होतं. मावशींची साखर पाचला एकशे तीसच असायची. त्यावर दहा-बारा युनिट इन्सुलिन, वर लेकीची गोळी. म्हातारी पडणार नाही तर काय होईल? मास्तरीणबाई रविवारी आल्या, सोमवारी पहिलं संत्रं, सोमवारी पहिला झटका. काल मावशी वाचल्या त्या सिस्टर नव्हती म्हणून नव्हे. काल संत्रं नव्हतं म्हणून वाचल्या."

मास्तरीणबाईंचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं होतं. "म्हणजे मला भरवता भरवता त्या..." त्यांचे डोळे भरले आणि पुसायला हात नव्हते. शिवणमावशींनीच वाकून ते पुसले. लेक आईच्या पायाशी बसली होती. "आई, मी तुझ्यावर विश्वास नाही ठेवला गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

अधीक्षकांनी मात्र घसा साफ केला. अशी माणसं पडली तरी नाक वर. "ठीक आहे, जाणूनबुजून केलं नाही हे मान्य. पण हात धुवून घेणं सिस्टरचं काम होतं की नाही? हलगर्जीपणा झालाच. पोलिसांत नको, कामावरून काढू. विषय संपला."

बाईंचा पारा चढला. "हलगर्जीपणा? ती पोरगी पत्रकाप्रमाणे..." आणि त्या थांबल्या. कारण अधीक्षकांचं म्हणणं बरोबर होतं. पत्रकातली पहिलीच पायरी ती होती, रुग्णाचे हात साबण-पाण्याने धुवावेत. त्यांनी स्वतः लिहिली होती. पाठ होती. मग ती पोरगी एकेक पायरी करते असं ठामपणे म्हणाली कशी?

त्या ट्रॉलीकडे वळल्या. वर भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेलं पत्रक होतं. दहा वेळा इथून जाऊनही त्यांनी ते आज वाचलं नव्हतं. आपलंच लिहिलेलं कोण वाचतं?

पहिली पायरी, बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. दुसरी, टोचावे.

तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'वॉर्डातील बेसिन दुरुस्त होईपर्यंत तात्पुरता बदल.' तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. खाली सही. वळणदार, ठसठशीत, तीस वर्षांत एकदाही न बदललेली.

त्यांना आठवलं. ढीगभर कागद होते त्या दिवशी. वॉर्डातून चिठ्ठी आली होती, पाणी नाही, पायरी अडतेय, काय करू. आठ दिवसांचा तर प्रश्न, म्हणून त्यांनी पायरी खोडली, सही ठोकली आणि बेसिनसाठी पहिलं पत्र लिहिलं. पुढे पाच पत्रं लिहिली. दर पत्रात बेसिन आठवलं, पत्रक एकदाही आठवलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

अधीक्षकांनी खांद्यावरून वाकून वाचलं. सही ओळखली. आणि पुन्हा ते गोड हसले. "अहो, एवढंच ना? हे काढून टाकू, नवं लावू. कोण बघतंय? चार महिन्यांवर निवृत्ती तुमची, कशाला उगाच डाग. सिस्टरचं मी बघतो."

"हात नका लावू त्याला," बाई म्हणाल्या.

त्यांनी पत्रक खिळ्यावरून उतरवलं, फाईलमध्ये लावलं आणि ट्रॉलीवरच अहवालाचा कागद पसरला. वर काय घडलं ते आठ ओळींत लिहिलं. बेसिनची सहा पत्रं आणि त्यांच्या सहा पोचा जोडल्या. शेवटी रकाना होता, जबाबदार व्यक्ती. इतकी वर्षं त्या तो रकाना इतरांसाठी भरत आल्या होत्या. आज त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि समितीसमोर कागद सरकवला.

"वाचा. मग सही करा. न वाचता करायची नाही."

सगळं आटपायला साडेसहा वाजले. जेवणाची गाडी आत येत होती. नऊ नंबरवर शिवणमावशी ताठ बसून लेकीला दरडावत होत्या, की रडणं पुरे, आधी त्या मास्तरीणबाईंना भरव. बाईंनी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"कुठे आहेस?"

"बसस्टॉपवरच," सिस्टर म्हणाली. आवाज बसला होता. "झाली का सही, मॅडम?"

"झाली. उद्या दुपारपाळीला ये. वेळेवर."

मग तिने विचारलं, "चूक कुणाची निघाली?"

"माझी," बाई म्हणाल्या. "तू पत्रक सांगत होतीस तेव्हा मी ऐकून घ्यायला हवं होतं. डबा खाल्लास का?"

"नाही."

"मग घरी जा. आईला खरं सांग. आणि हात धुऊन जेव."